दोन किलो शाळू आणि ठसका करवली पार्टी

नवऱ्या मुलाच्या आईला भर मांडवात चिमटा काढायचा, आणि तिनंच हसत हसत पोरींच्या हातावर पेढा ठेवला पाहिजे. हा आमचा धंदा. सोपा वाटत असेल त्यानं करून बघावा.

मी कोरेगावचा. सगळे मला मास्तर म्हणतात, पण शाळेशी माझा संबंध दुसरीतच तुटला. मी बँडचा मास्तर. क्लॅरिनेट वाजवतो. काळं, लांब, चांदीच्या चाव्यांचं वाद्य. गावात त्याला पिपाणी म्हणतात. पिपाणी जत्रेत मिळते आणि घरी पोचायच्या आत फुटते. माझं क्लॅरिनेट माझ्या थोरल्या पोराच्या वयाचं आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त ऐकतं. पिपाणी म्हणणाऱ्याच्या दारात मी वाजवत नसे. एकदा भरल्या पंगतीतून उठून आलोय. असा माझा स्वभाव, आणि ह्या गोष्टीत तो लागणार आहे म्हणून आधीच सांगितला.

नात म्हणाली, "आबा, तुमी सांगा, मी लिहिते." मी म्हटलं, गप बस. चुकलं तर माझं चुकू दे.

डीजे आला आणि आमचा बँड मोडला. ढोलवाला कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, ट्रंपेटवाला सांगलीत रिक्षा चालवायला लागला. माझ्याकडं राहिले सात लाल कोट, सोनेरी झालरीचे, खुंटीला टांगलेले. बायको हौसा म्हणायची, "इका की भंगारात." मी म्हणायचो, "आधी मला इक."

अशात जत तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो. तो दुष्काळी भाग, पण माणसं जुनं धरून असतात. नवरीच्या बापानं हौसेनं मला एकट्याला बोलावलं होतं. नवऱ्याकडच्यांनी डीजे आणलेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतच्या भिंत. मी वाजवत होतो, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आणि भर बारा वाजता जनरेटरचं डिझेल संपलं. सगळं गार. कानात नुसती शिट्टी राहिली. तेवढ्यात नवरीकडच्या बायकांतून एक पोरगी उठली, कोपऱ्यातला मोठा ढोल पुढं ओढला, त्यावर थाप मारली आणि ओरडली,

"डिझेल संपलं, डबडं थांबलं,
नवऱ्याचं त्वांड लांब लांब लांबलं!"

सगळा मांडव हसला. भिंतीएवढ्या डब्यांना जे जमलं नव्हतं ते त्या पोरीनं दोन ओळींत केलं. माझं क्लॅरिनेट कधी तोंडाला लागलं ते मला कळलं नाही. तिनं ओळ टाकायची आणि मी खालून दोन सूर द्यायचे, जसं कुणी "व्हय गं व्हय" म्हणावं. डिझेल येईपर्यंत आम्ही दोघांनी नवऱ्याकडच्यांची दाणादाण केली.

पोरीचं नाव मायाक्का. तिचा बाप बिराप्पा, जन्मभर मेंढरं हिंडवलेला, आता डाळिंबाची बाग करणारा. तो ढोल त्याचाच. घरात पोरींनी ढोलाला हात लावायचा नाही अशी त्याची शिस्त, आणि पोरगी लपून शिकलेली. मी त्याला म्हटलं, "पोरीला माझ्याकडं द्या. माझ्या घरात, माझ्या बायकोजवळ ऱ्हाईल."

त्यानं तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "मास्तर, पोरगी माझं ऐकत न्हाई म्हणून देतो. पर एक तक्रार माझ्या कानावर आली, एकच, तर त्याच दिशी घिऊन जाईन. मग लगीन, आन् ढोल बंद."

"एक बी येणार न्हाई," मी म्हटलं. तेव्हा काय, छाती फुगवायला पैसे पडत नाहीत.

मायाच्या मागं माझ्या जुन्या साइड-ड्रमवाल्याची पोरगी शबाना आली. इस्लामपूरची ज्योती आली, शाळेच्या बँडात ट्रंपेट वाजवलेली. आणखी दोघी सख्ख्या बहिणी, त्या खुळखुळे वाजवायच्या आणि त्याहून जास्त तोंड. खुंटीवरचे लाल कोट शिंप्याकडून लहान करून घेतले. पोरी म्हणाल्या, खाली जीन पँट आणि डोळ्याला काळा गॉगल. मी नाही म्हटलं. मग हौसानं माझ्याकडं असं बघितलं की मी हो म्हटलं. नाव ठेवलं 'ठसका करवली पार्टी'. करवली म्हणजे नवरानवरीची पाठची बहीण. मांडवात रुसायचा, मिरवायचा आणि तोंड सोडायचा मान तिचाच. आम्ही तो मान भाड्यानं द्यायला लागलो, म्हणा.

गावात बोभाटा झाला. "मास्तर, म्हातारपणी पोरी नाचवायला लागलास व्हय रं?" मी म्हणायचो, "नाचणार तुमी. पोरी फकस्त बोलणार."

ह्या गाण्यांची रीत जुनी आहे. रुखवत मांडलं की दोन्हीकडच्या बायका एकमेकींना टोमणे गाऊन दाखवत. हौसा ह्या कामात माहेरी नावाजलेली होती. लग्न झाल्यावर मीच बंद केलं. मास्तराची बायको मांडवात गळा काढत नाही, असं तेव्हा माझं डोकं होतं. आता पोरी तिच्याजवळ लसूण सोलत बसायच्या आणि ती त्यांना चाली द्यायची. मी ओसरीवर बसून ऐकलं नाही असं दाखवायचो.

आता कामाची पद्धत सांगतो. नवरीकडचे आम्हाला सुपारी देत. तयार गाणं आम्ही कुठंच म्हणत नव्हतो, ज्याचं लग्न त्याचं गाणं. त्यासाठी चार दिवस आधी मी नवऱ्याच्या गावाला जायचो. पिशवीत दोन किलो शाळू ज्वारी घेऊन. एसटीतून उतरायचं आणि सरळ पिठाची गिरणी गाठायची. गिरणीत माणसाला थांबावं लागतं, थांबलेला माणूस बोलतो, आणि गिरणीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. गावाची गुपितं तिथं ओरडून सांगतात, बाबा! माझं दळण होईपर्यंत सासूचा नखरा, चुलत्याचा चिकटपणा आणि नवऱ्याची झोप, सगळं पिशवीत. घरी हौसा म्हणायची, "कुठल्या गावचं पीठ हाय आज?"

नियम पक्के होते. रंगावर, उंचीवर, व्यंगावर बोलायचं नाही. गरिबीवर नाही. मेलेल्या माणसावर नाही. गर्व, नखरा, आळस, चिकटपणा ह्यांवर पाहिजे तेवढं. आणि सगळ्यांत मोठा नियम, एक गोष्ट दोन तोंडांतून ऐकल्याशिवाय गाण्यात घालायची नाही.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! सांगलीकडच्या एका लग्नात नवऱ्याची आई रागानं लाल होऊन आली. मी मनात म्हटलं, आली तक्रार. तर बाई म्हणते, "माझ्यावर एकच कडवं आन् माझ्या जावंवर तीन? ती काय माझ्यापेक्षा मोठी लागून गेली?" तिला तिथंच आणखी तीन दिली तेव्हा जेवायला बसली. एका नवरदेवानं तर स्वतःच्या खोडींची यादी पाठवली. त्यात लिहिलेलं, फार उदार, फार कष्टाळू, लाजाळू. मायानं ती यादी जशीच्या तशी गायली. त्याचे मित्र मांडवात लोळले.

तर असा जम बसत होता, आणि मी माती खाल्ली.

इस्लामपूरच्या बाजूचं मोठं लग्न होतं. ऊसवाले लोक. नवऱ्याचा बाप फौजेतला निवृत्त सुभेदार. मी शाळू घेऊन गेलो तर गिरणी बंद, लाइट गेलेली. समोर लिंबाखाली एक गोरागोमटा माणूस बसलेला, टोपी स्वच्छ, बोलणं गोड. म्हणाला, "सुभेदार व्हय? आवं, कसला सुभेदार. सगळी नोकरी भटारखान्यात कांदं चिरण्यात गेली. बंदूक धरली न्हाई गड्यानं कवा."

मी खूश. असला माल रोज मिळत नाही. दळण तसंच घेऊन परत आलो.

माया म्हणाली, "आबा, दुसरं तोंड?"

"लाइट नव्हती."

"मग हे घालाया नगं."

"तू मला शिकवतीस? मला माणूस वळखता येतो."

तो माणूस सुभेदाराचा चुलतभाऊ होता आणि बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं, हे मला नंतर कळलं. लिंबाखाली बसलेल्या माणसाला भावकी आहे का एवढं विचारायची अक्कल सत्तरीच्या माणसाला नसावी?

लग्न लागलं, अक्षता पडल्या. जेवणाच्या आधी आमची वेळ. सुभेदार पहिल्या रांगेत, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या. सासूवर गायलं, नवऱ्यावर गायलं, हशा पिकला. मग मायानं ते कडवं टाकलं,

"सुभेदार मामा लढायला ग्येलं,
बंदूक ऱ्हायली, उलथनं न्येलं,
दुश्मन दिसता कांदा चिरला,
रडून रडून दुश्मन फिरला!"

शबानानं ड्रमवर टोला दिला. टोला म्हणजे लोकांना खूण असते, इथं हसा. नवरीकडचे हसले. नवऱ्याकडचं एकही माणूस हसलं नाही. मांडवाचा अर्धा भाग गार पडला. सुभेदाराची मान खाली गेली. मे महिना, अंगाची लाही होतेय, आणि त्या माणसाच्या पायांत लोकरीचे मोजे. ते मी तेव्हा पाहिलं. मायानं माझ्या आधी पाहिलं असावं.

पाठीमागून सुभेदाराचा एक तरणा पुतण्या धावत आला. "बंद करा रं ती पिपाणी! कुणावर बोलताय कळतंय का? वर चौकीवर जेवण पोचवताना बर्फानं पाय खाल्लं त्यांचं!"

माझ्या हाताची बोटं चाव्यांवरच राहिली. मला एकच दिसत होतं, बिराप्पाचं तोंड. एकच तक्रार, म्हणाला होता.

मायानं ढोल थांबवला नाही. हळू केला. गॉगल काढून खिशात घातला आणि पुढं आली.

"मामा, चुकलं आमचं. लय मोठं चुकलं. पर चूक कुणाची ती ऐकून घ्या, मग काय ते मारा."

आणि माझ्याकडं हात करून सुरू झाली,

"कोट लाल, टोपी लाल,
रागानं मास्तरचं नाक बी लाल!
गिरणी बंद तर अक्कल बंद,
पिपाणी फुंकायचा नुसता छंद!"

पिपाणी. माझ्याच पोरीनं, माइकवर, भरल्या मांडवात. शबानाची काठी हवेत थांबलेली. तिनं टोला देण्याआधी माझं "व्हय गं व्हय" यायला पाहिजे, अशी आमची बांधणी. ते आलं नाही तर गाणं तिथंच मेलं, पोरी मेल्या, सगळं मेलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी पंगतीतून उठून गेलेला माणूस. पाय तर दाराकडंच वळत होते.

मी वाजवलं. नुसतं वाजवलं नाही, क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती दाताखाली चेपून जत्रेतल्या फुटक्या पिपाणीसारखं किंचाळवलं. व्हय गं व्हय!

पहिला हसला तो सुभेदार. खांदे हलायला लागले, मग मिशा, मग मोठ्यानं. उठून माइकजवळ आला, पाय टाकायची ढब जरा वेगळी होती. म्हणाला, "मास्तर, कांदं चिरलं हे खोटं न्हाई. पर तिथं वर कांदा दगडावानी गोठतो. उलथन्यानं काय हुतंय? हातोड्यानं फोडावा लागतो. ते घाला की गाण्यात."

माया क्षणभर थांबली असेल नसेल,

"मामाचा कांदा बर्फात गोठला,
हातोडा घालून मामानं फोडला,
जेवलं जवान, मग उचलल्या बंदुका,
मामाच्या हातोड्याला सलाम ठोका!"

सगळा मांडव उभा राहिला आणि सलाम ठोकला. दोन्हीकडचा. त्या चुलतभावानंसुद्धा, मागं खांबाआड उभा राहून.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण कुणीतरी सुभेदारावरच्या पहिल्या कडव्याचा तुकडा मोबाइलवर घेतला होता आणि तेवढाच सोडून दिला. खाली लिहिलं, फौजीचा अपमान. तिसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पा माझ्या दारात. खांद्यावर घोंगडं, डोळ्यांत डोळा घालत नव्हता.

"मास्तर, बोलणं झालंतं आपलं."

"झालंतं," मी म्हटलं. चूक माझी, कुठल्या तोंडानं बोलू? माया आत कपडे भरायला लागली. हौसा चुलीपुढून उठली नाही. लाल कोट मायानं घडी करून खुंटीखाली ठेवला. मग पिशवी घेऊन बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली.

"दादा, येते मी. पर आबांनी एका तोंडाचं ऐकलं म्हणून हे झालं. तुमी बी एकाच तोंडाचं ऐकलंया."

बिराप्पानं आयुष्यात मेंढराच्या वाटणीतसुद्धा अन्याय केला नव्हता, असं त्याच्या गावात म्हणतात. पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाला, "कुटं ऱ्हातो त्यो सुभेदार?"

आम्ही तिघं निघालो, एसटीनं इस्लामपूर, तिथून वडापची जीप. सुभेदार अंगणात खाटेवर बसलेला, पाय उन्हात सोडलेले, मोजे नव्हते. दोन्ही पायांची मिळून चारच बोटं होती. त्यानं ती झाकली नाहीत.

बिराप्पानं हात जोडले. "मी पोरीचा बाप. तुमची तक्रार ऐकाय आलोय."

"तक्रार हायच," सुभेदार म्हणाला. "पावणं, एवढी वर्सं नोकरी केली. गावाकडं आलो की जो त्यो इचारायचा, किती मारलं? जेवायला किती घातलं असं कुणी इचारलं न्हाई. माझ्या घरच्यांनी बी न्हाई. मला बी लाज वाटायची, मी भटारी म्हणून सांगायची. परवा तुमच्या पोरीनं सगळ्या गावाला माझ्या सैपाकापुढं उभं केलं. हे इतकी वर्सं का न्हाई झालं, ही माझी तक्रार."

मग आत हाक मारली. सुनेनं पानावर सुपारी आणली. सुभेदारानं ती माझ्या हातात दिली नाही, बिराप्पाच्या हातात दिली. "धाकट्याचं लगीन हाय. आमी नवऱ्याकडचं, तरीबी बोलावतोय. आमच्यावरच गा म्हणावं, कमी करू नगा."

तो तरणा पुतण्या तिथंच होता. त्यानंच मग सुभेदाराचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि पूर्ण गाण्यासकट सोडलं. तो व्हिडिओ कुठंवर गेला ते मला विचारू नका. मला एवढंच कळलं की पुढच्या दोन लग्नसराया आमच्या दारात सुपारी घेऊन रांग होती.

बिराप्पा परतीच्या एसटीत सुपारी मुठीत धरून बसला. कराड गेल्यावर म्हणाला, "माया, डावा हात हलका पडतोय तुजा. चामडं वढून देतो ढोलाचं." एवढंच. पण मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

मग मीही विचारलं, "पोरी, माझ्यावरचं कडवं एवढ्या चट्दिशी कसं गं जुळवलंस?"

ती हसायला लागली. "आबा, गिरणीच्या दोन वळी माझ्या. कोट लाल, टोपी लाल आजीचं हाय."

"हौसाचं?"

"लय हाईत. लसूण सोलताना शिकवलीत आमाला. सगळी तुमच्यावरच."

घरी आलो, विचारलं. हौसा भाकरी थापत होती, मान वर केली नाही. "तुमी गाऊ नगं म्हणालाता. करू नगं कवा म्हणालाता?"

आता शेवटचं. मागच्या सराईत सांगलीला हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं, कृष्णाकाठी मोठं कार्यालय. वरातीला डीजे होता. लोक त्याला म्हणाले, "थांब गड्या, आधी करवल्या." तो डीजेवाला ट्रॉलीवर बसून भडंग खात आमचं ऐकत होता. माझा जुना ट्रंपेटवाला रिक्षा बाहेर लावून आत आला होता. त्याला बघून वाटलं, हे बँड मोडला तेव्हाच सुचलं असतं तर. असो. बिराप्पा स्वतःचा ढोल घेऊन आला होता, पोरीसाठी.

आता आम्ही सुरुवात माझ्यावरच्या कडव्यानं करतो, आणि ते लोकांना पाठ झालंय. "मास्तरचं गाणं! मास्तरचं गाणं!" आणि मागून पोरं, "पिपाणी! पिपाणी!" मी कोटाची बटणं लावून तयार उभा राहतो. राग येतो, पण आता तो राग मला पुरवून वापरता येतो.

त्या दिवशी सांगलीला मायानं माइक घेतला, तोंडाजवळ नेला, आणि खाली उतरून पहिल्या रांगेत बसलेल्या हौसाच्या हातात दिला. हौसानं पदर खोचला. एवढ्या माणसांत ती कधी उभी राहिली नव्हती. मी राहू दिली नव्हती. म्हातारीचा आवाज, पण सूर जागचा हलला नाही,

"मास्तर म्हणला, गाऊ नगं,
चुलीनं ऐकलं समदं मग,
चाळीस वर्सं भाकरीत गायलं,
आज सांगलीला वाढून दिलं!"

ढोल थांबला. शबानाची काठी हवेत. सगळं कार्यालय माझ्याकडं बघत होतं आणि हौसाही बघत होती, पहिल्यांदा सरळ.

व्हय गं व्हय. चाळीस वर्षं उशिरा वाजवलं. पण सुरात वाजवलं, दम शेवटपर्यंत पुरला, आणि त्यावर शबानानं असा टोला दिला की कृष्णेपलीकडं ऐकू गेला असेल.